पदवीनंतर डॉक्टर व्हायचंय? इंग्लंडमधला फीचा हिशेब

एक पदवी हातात असताना इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्याने आधी अभ्यासक्रमाची लांबी पाहावी, विद्यापीठाचं नाव नंतर. पदवीधरांसाठीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज मिळतं. पहिल्या वर्षी फीमधले ३,४६५ पाउंड खिशातून भरायचे, उरलेली फी कर्जातून. दुसऱ्या वर्षापासून फीचा काही भाग एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) बर्सरी, म्हणजे विद्यार्थी अनुदान, उचलते, बाकीच्यासाठी पुन्हा कर्ज.

पाच वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात मात्र दुसऱ्या पदवीसाठी फीचं कर्ज नाहीच. २०२४-२५ची ९,२५० पाउंड फी धरली, तरी चार वर्षांचे ३७,००० पाउंड स्वतः उभे करावे लागतात. पाचव्या वर्षाची फी बर्सरी भरते. राहण्याखाण्यासाठी कर्ज मिळतं, पण बर्सरी सुरू झाली की तेही कमी होतं. चार वर्षांच्या जागा थोड्या आणि चुरस तीव्र, त्यामुळे पैशाअभावी चांगले उमेदवार मागे पडतात, हे मला अन्यायाचं वाटतं.

या सवलती तिथल्या रहिवासाच्या अटींत बसणाऱ्यांनाच आहेत. महाराष्ट्रात बीएस्सी करून थेट तिकडे जाणाऱ्याला परदेशी विद्यार्थ्यांची, कितीतरी जास्त फी लागते. अर्जाआधी आपण कोणत्या फीगटात मोडतो, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.