राष्ट्रगीताची निवड : शब्द, सूर आणि संमती

प्रत्येक स्वतंत्र राष्ट्राला स्वतःचा ध्वज, स्वतःची राजमुद्रा आणि स्वतःचे राष्ट्रगीत असते. ध्वज शासन फडकविते व मुद्रा शासन उमटविते. राष्ट्रगीत मात्र नागरिकांना स्वतःच्या कंठाने गावयाचे असते. यास्तव या मानचिन्हांपैकी गीताची निवड ही सर्वांत नाजूक बाब ठरते. उत्तम कविता निवडली की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या देशाचा आणि राज्याचा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत शाळांच्या प्रांगणात राष्ट्रगीताचे स्वर रोज उमटतात. १९ फेब्रुवारी २०२३ पासून त्यांना महाराष्ट्राच्या राज्यगीताची जोड मिळाली आहे. हे राज्यगीत शिकताना चिपळूण किंवा संगमेश्वरच्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, या गाण्यात नर्मदा आहे, कृष्णा आहे, गोदावरी आहे, मग आपली वाशिष्ठी आणि शास्त्री का नाही?" तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे? प्रश्न बालसुलभ असला, तरी राष्ट्रगीताच्या निवडीचे सारे मर्म त्यात सामावलेले आहे.

दोन गीतांचा वारसा

स्वातंत्र्याच्या वेळी भारतापुढे गीतांचा तुटवडा नव्हता. अडचण होती ती विपुलतेची. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे 'वंदे मातरम्' हे गीत १८८२ साली 'आनंदमठ' या कादंबरीत प्रसिद्ध झाले. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायिले. वंगभंगाच्या चळवळीपासून तर तो स्वातंत्र्यलढ्याचा मंत्रच झाला. तथापि गीताच्या उत्तरार्धातील देवीरूपाच्या वर्णनास काही समाजघटकांनी हरकत घेतली. त्यामुळे १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने राष्ट्रीय समारंभांत त्याची पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले.

रवींद्रनाथांचे 'जन गण मन' प्रथम २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्ता काँग्रेसमध्ये गायिले गेले. ते ब्रिटिश सम्राटाच्या स्तुतीसाठी लिहिले होते, हा प्रवाद आजही अधूनमधून ऐकू येतो. स्वतः कवीने १९३७ मधील एका पत्रात त्याचे निःसंदिग्ध शब्दांत खंडन केले आहे, हे शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या अधिवेशनाचा आरंभ सुचेता कृपलानी यांच्या कंठातील 'वंदे मातरम्'ने झाला. अखेरीस 'सारे जहाँ से अच्छा' आणि 'जन गण मन' यांतील ओळी गायिल्या गेल्या. देश स्वतंत्र झाला, पण त्याचे राष्ट्रगीत अद्याप ठरलेले नव्हते.

सुराचा प्रश्न

ही उणीव लवकरच जाणवू लागली. सेनादलांच्या बँडपथकांना आणि परदेशांतील वकिलातींना काय वाजवावे, हे सांगणे भाग होते. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती. ती ऐकून तेथील वाद्यवृंदाने घाईने सराव केला व गीत वाजविले. जमलेल्या प्रतिनिधींना ते अतिशय आवडले. हा वृत्तांत पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ च्या निवेदनात सांगितला आहे. तत्पूर्वी त्यांनी प्रांतांच्या राज्यपालांचे मत मागविले होते. मध्य प्रांताच्या राज्यपालांचा अपवाद वगळता सर्वांनी 'जन गण मन'ला पसंती कळविली. राष्ट्रगीतात शब्दांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चाल महत्त्वाची असते, अशी नेहरूंची भूमिका होती.

या ठिकाणी एका मराठी कलावंताचे स्मरण करणे उचित होय. भास्करबुवा बखले यांचे शिष्य व प्रभात चित्रांचे संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८-१९७४) यांनी 'वंदे मातरम्' समूहाने गाण्यास व बँडवर वाजविण्यास अवघड आहे, हा आक्षेप प्रत्यक्ष कृतीने खोडून काढण्याचा चंग बांधला. त्यांनी झिंझोटी रागात सुटसुटीत चाल बांधली, बँडसाठी स्वररचना तयार करविली आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सदस्यांपुढे तिची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांचा आग्रह पूर्णांशाने फळास आला नाही. परंतु आक्षेपाचे उत्तर वादविवादाने न देता रियाजाने व प्रयोगाने देण्याची त्यांची रीत आजही अनुकरणीय आहे.

२४ जानेवारी १९५०

अखेर २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निर्णय जाहीर केला. त्यासाठी ठराव मांडला गेला नाही की मतदान झाले नाही. 'जन गण मन' हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक भूमिका बजावणाऱ्या 'वंदे मातरम्'ला त्याच्याइतकाच मान व दर्जा मिळेल, असे ते निवेदन होते. प्रसंगानुरूप शब्दांत बदल करण्याची मुभाही त्यात शासनाकडे ठेवलेली होती. त्याच दिवशी सदस्यांनी घटनेवर स्वाक्षऱ्या केल्या व शेवटी दोन्ही गीते गायिली गेली.

या निर्णयातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. एका गीताला स्थान देताना दुसऱ्याचा पराभव झाला असे कोणास वाटू नये, याची काळजी त्यात घेतलेली दिसते. मतांची मोजणी झाली असती तर बहुमत व अल्पमत कायमचे नोंदले गेले असते. आणि जे गीत सर्वांनी मिळून गावयाचे, त्याच्या जन्मालाच फुटीची खूण चिकटली असती.

इतर देशांचे अनुभव

निवडीची रीत देशोदेशी निरनिराळी आहे. राजेशाही संपुष्टात येत असताना नेपाळने स्पर्धा घेतली. १,२७२ गीतांमधून ब्याकुल माइला यांचे गीत निवडून २००७ मध्ये ते राष्ट्रगीत केले. ऑस्ट्रेलियाने १९७७ साली जनतेचा कौल घेतला, तरी अधिकृत घोषणा होण्यास १९८४ उजाडले. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीचे गीत आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्यांचे गीत १९९४ पासून शेजारी शेजारी नांदले व १९९७ मध्ये दोहोंचे अंश जोडून पाच भाषांतील एकच राष्ट्रगीत सिद्ध झाले. स्पेनच्या राष्ट्रगीताला तर अधिकृत शब्दच नाहीत. सर्वमान्य शब्द सापडेपर्यंत केवळ सुरावर भागविणे त्या देशाने पत्करले आहे.

महाराष्ट्राचे राज्यगीत

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. अधिकृत राज्यगीत मात्र त्यानंतर बासष्ट वर्षे नव्हते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गोविंदाग्रज यांची महाराष्ट्रगीते पिढ्यान्‌पिढ्या पाठ होती. ३१ जानेवारी २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने राजा बढे यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीतास राज्यगीत म्हणून मान्यता दिली आणि शिवजयंतीपासून ती अमलात आली. मूळ गीतातील दोन चरण स्वीकारण्यात आले. गायनास सुमारे १ मिनिट ४१ सेकंद लागतात. राष्ट्रगीताची पूर्ण आवृत्ती सुमारे ५२ सेकंदांची आहे, हे येथे तुलनेसाठी नमूद करावे.

या गीताचे कवी नागपूरचे, संगीतकार श्रीनिवास खळे यांचा जन्म बडोद्याचा, तर ते घरोघर पोहोचविणारे शाहीर साबळे वाई तालुक्यातील पसरणीचे. शासनमान्यतेपूर्वीच हे गीत शाळांच्या स्नेहसंमेलनांत, मिरवणुकांत व महाराष्ट्रदिनी लोकांच्या तोंडी रुळले होते. शाहिरी बाज, ठसठशीत ताल आणि समूहाला पेलणारा आवाजाचा पल्ला हे त्याचे बळ आहे. नमन-खेळे व जाखडीच्या ठेक्यावर वाढलेल्या कोकणी मुलांना ते परके वाटत नाही, याचे कारण हेच.

यादी नव्हे, खूण

आता वाशिष्ठीच्या प्रश्नाकडे वळू. कवितेत आलेली नावे ही महसुली नोंदवही नसते. ती अवघ्या प्रदेशाची खूण असते. 'जन गण मन'मध्येही भारतातील सर्व प्रांतांची नावे नाहीत. उलट, फाळणीनंतर सिंध प्रांत पाकिस्तानात गेला तरी त्याचे नाव गीतात राहिले. ते बदलावे ही मागणी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली. भूगोल बदलला तरी गीताने जागविलेली सांस्कृतिक आठवण खोटी ठरत नाही.

चिपळूणच्या विद्यार्थ्याला तर याहून जवळचा दाखला देता येईल. राज्यगीताच्या कवीने गौरविलेल्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात येते आणि तेथून वाशिष्ठीला मिळते. नाव कोयनेचे असले, तरी त्या पाण्यात वाशिष्ठीचा वाटा आहेच!

आदर आणि सक्ती

गीत निवडल्यानंतर त्याचा मान राखण्याचा प्रश्न येतो. घटनेच्या अनुच्छेद ५१-क नुसार राष्ट्रगीताचा आदर करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७१ च्या अधिनियमानुसार राष्ट्रगीताच्या गायनास हेतुपुरस्सर अटकाव करणे वा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. त्याचबरोबर, केरळमधील तीन विद्यार्थ्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिलेला निर्णयही मुख्याध्यापकांनी जाणून घेतला पाहिजे. धार्मिक श्रद्धेमुळे ही मुले राष्ट्रगीत गात नसत, परंतु गायन चालू असता आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढणे न्यायालयाने अवैध ठरविले. आदर शिस्तीने शिकविता येतो. कंठातून स्वर मात्र आपुलकीनेच उमटतो.

आपल्या पातळीवर

आज अनेक शाळा व ग्रामपंचायती आपापले शाळागीत अथवा ग्रामगीत ठरवू पाहतात. त्यांना वरील अनुभवांतून काही गोष्टी घेता येतील. गीत एवढे लहान असावे की पहिलीतील मुलाला पाठ व्हावे. चाल वाद्यांवाचूनही समूहाला पेलावी. कोणत्याही वाडीला, समाजाला वा बोलीला आपण वगळले गेलो असे वाटू नये. अंतिम ठराव करण्यापूर्वी निवडलेले गीत काही महिने प्रभातफेरीत, बालसभेत व ग्रामसभेत गाऊन पाहावे. आणि जे गीत मागे पडेल, त्यालाही एखाद्या समारंभात मानाचे स्थान द्यावे.

ठराव हा निवडीचा आरंभ नसून शेवट आहे. लोकांनी आधी गाऊन आपलेसे केलेल्या गीतालाच शासनाची मान्यता शोभून दिसते, हे १९५० आणि २०२३ या दोन्ही निर्णयांचे सार होय.