दाढ काढण्याआधी जबडा दाखवा

सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं ठणकतात, तोंड उघडलं की कानापुढं कट् असा आवाज येतो आणि ज्वारीची भाकरी चावताना कळ डोक्यात जाते. अशा वेळी घरचे म्हणतात, दाढ किडली असेल, काढून टाक. दाढ काढली जाते, आणि चार दिवसांनी तीच कळ पुन्हा सुरू होते. चांगली दाढ गेली, पैसे गेले, दोन दिवसांची मजुरीही बुडाली.

हे दुखणं अनेकदा कानापुढच्या सांध्याचं आणि गालाच्या स्नायूंचं असतं. खालचा जबडा कवटीला जिथं जोडलेला असतो, तिथं एक छोटी चिवट गादी असते. ती सरकली की आवाज येतो. नुसता आवाज येतो पण दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर सहसा उपचार लागत नाही.

झोपेत दात खाणं हे त्यामागचं एक कारण. शेजारी झोपलेल्याला करकर ऐकू येते, ज्याचं त्याला पत्ता नसतो. लहान मूल दात खाऊ लागलं की जंत झाले म्हणतात. जंत असतील तर औषध द्यावंच. पण दात खाणं जंतांमुळेच होतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात जाते. बाधा सांगून कुणी अंगारा देत असेल तर त्यावर एक रुपयाही घालू नका. मोठ्या माणसांत कर्जाची-कामाची काळजी, दारू, तंबाखू, रात्रीचा चहा, जोरात घोरणं, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

उपचार साधेच आहेत. काही आठवडे भाकरी आमटीत कुस्करून खावी, खिचडी, माडगं घ्यावं. ऊस, फुटाणे, सुपारी बंद. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट कापडानं गाल शेकावा. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी. दिवसा ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे ठेवायची सवय लावावी. वेदनाशामक गोळी विचारूनच घ्यावी, विशेषतः पित्ताचा, किडनीचा त्रास असेल तर.

एवढ्यानं भागलं नाही तर दंतवैद्य दातांचं माप घेऊन रात्री घालायचं कडक प्लास्टिकचं कवच बनवतात. त्यानं सवय सुटेलच असं नाही, पण दात झिजायचे वाचतात आणि पुष्कळांना आराम पडतो. ते गार पाण्यानं धुवावं, गरम पाण्यात वाकडं होतं. दात कायमचे घासून चावा बदलायला लगेच तयार होऊ नका. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

आता एक तपासणी घरीच करा. आपली तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, आणि गुटखा, सुपारी खाण्याची सवय असेल, तोंडात तिखट झोंबत असेल, तर हा वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. त्यात गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि पुढं कर्करोगाची भीती असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पुडी तरी मिळतेच. जखम झाल्यावर काही दिवसांत जबडा आवळला तर धनुर्वात असू शकतो. जबड्याबरोबर छाती दुखून घाम फुटला तर हृदयविकार. या दोन्हींत एक तासही थांबू नका.

माकणीच्या माणसांनी लोहाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारावं. कवच तिथं बनत नसेल तर लातूरला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. जाताना जुने एक्सरे आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. दाढ काढायची म्हणाले तर विचारा, कीड नेमकी कुठं आहे, एक्सरेत दाखवा.