कुंभकोणमचे एक घर

मुलाला घरी शिकवावयाचे तर आईबाप मोठे विद्वान हवेत, असे बहुतेकांस वाटते. कुंभकोणमला सारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे घर आहे. घरधनी साडीच्या दुकानात कारकून. संसाराला हातभार म्हणून कॉलेजचे विद्यार्थी घरी ठेवलेले. त्यांना प्रश्न विचारविचारून तेथल्या मुलाने अकराव्या वर्षीच त्यांचे गणित संपविले. पुढे लोनीची त्रिकोणमिती उसनी आली आणि १९०३ साली कार यांचा काही हजार सिद्धान्तांचा संग्रह. त्यात सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. त्या मुलानेच शोधावयाच्या! कागद महाग, म्हणून पाटी, पुसावयास कोपर. हा मुलगा श्रीनिवास रामानुजन.

शाळेत तो जात होताच. परंतु विचारण्यास माणूस, उसने पुस्तक आणि ओट्यावरचा निवांत वेळ ही घराची देणगी. बेताच्या ऐपतीच्या कुटुंबासही ती देता येईल.

मात्र नावडता विषय पुढे ठेवणारे घरात कोणी नसावे. १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन तो कॉलेजात गेला, गणिताखेरीज काही वाचीना, आणि शिष्यवृत्ती गेली. १९०७ साली मद्रासच्या परीक्षेतही तेच झाले.