दिवाळीचा उजेड आणि धूसर भिंत

दीपावली समीप आली की घरोघरी भिंतींना रंग देण्याचे वेध लागतात. २०२३ साली आश्विनात आमच्या घरी हा विषय निघाला, तेव्हा सूनबाईंनी माजघरासाठी करड्या रंगाची इच्छा बोलून दाखविली. आमच्या ज्येष्ठ भगिनी आक्का तत्काळ उद्गारल्या, "अरे, सणाच्या तोंडावर भिंतींना राख फासतोस? घर सुतकी दिसेल." सूनबाई गप्प झाल्या. निर्णय आमच्या माथी आला.

आम्ही सवयीने कोशाकडे वळलो. अमरकोशात 'धूसर' म्हणजे किंचित पांडुर आणि 'धूम्र' म्हणजे काळ्यात तांबडा मिसळलेला. दोहोंना वेगळी नावे आहेत. आपण मात्र 'करडा' या एका शब्दात सारे कोंबतो. रंगारी हा भेद आजही जाणतात. करड्यात निळसर झाक असेल तर तो थंड भासतो, पिवळसर वा तांबूस झाक असेल तर उबदार.

एवढे ज्ञान असूनही आम्ही फसलोच! दुकानातील ट्यूबलाइटखाली रंगपट्टी पाहून छटा निवडली. आमच्या माजघराची एकुलती एक खिडकी उत्तरेला. तिकडून ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड तेवढा येतो. त्या उजेडात भिंत आषाढातील आभाळासारखी दिसू लागली. आक्का काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे ते मौनच आम्हांस अधिक लागले. त्यांचे भय अगदीच निराधार नव्हते.

मग रंगाऱ्याने मातकट झाक असलेल्या तीन छटांचे हात-हातभर चौकोन भिंतीवर ओढले. ओला रंग वाळल्यावर तसाच राहत नाही, म्हणून दोन दिवस थांबलो. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहिले. त्यांतील एक छटा थेट शेणमातीने सारवून वाळलेल्या भिंतीची होती. आक्कांनी लहानपणी तशा भिंती स्वतः सारवल्या आहेत. त्या भिंतींना कुणी सुतकी म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. उलट पांढरी रांगोळी उठून दिसते ती सारवलेल्या भुईवरच. आम्ही तीच छटा घेतली.

देवघरास मात्र आक्कांच्या इच्छेप्रमाणे चुन्याची सफेदीच ठेविली. तो त्यांचा अधिकार.

वाचकहो, दोन गोष्टी सांगून ठेवतो. पावसाळ्याची ओल भिंतीत असता रंगाची घाई करू नये, पोपडे येतात. आणि दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात २०१६ साली निघाले. त्यापूर्वीच्या थरांत शिसे पुष्कळ असू शकते आणि त्याची धूळ बालकांना घातक असते. पाणी शिंपडून ओलेच घासावे, मुलांना दूर ठेवावे.

वसुबारसेच्या संध्याकाळी माजघरात पिवळसर उजेडाचा दिवा लाविला, दारावर झेंडूचे तोरण चढले. त्या मंद भिंतीपुढे झेंडूचा केशरी रंग जणू नव्यानेच दिसला. सूनबाई कोनाड्यात पणती ठेवीत होत्या. आक्का पाटावरून म्हणाल्या, "अगं, ती पणती अंमळ पुढे घे. भिंतीवर उजेड पडू दे."