'शक्ति' : एका अल्पायुषी वाद्यवृंदाची हकीकत

दिवाळीनंतर आपल्या भंडारा जिल्ह्यांत गांवोगांव मंडई भरते व रात्रीं दंडार रंगते. ध्वनिवर्धकाचा आवाज जितका मोठा, तितकें संगीत थोर, अशी समजूत अशा प्रसंगीं अनेकांची होते. ही समजूत तपासून पाहण्यास 'शक्ति' या वृंदाची हकीकत फार उपयोगी आहे.

सन १९७१ मध्यें जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकानें अमेरिकेंत 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' स्थापन केला. विजेची गिटार, प्रचंड ध्वनि आणि विलक्षण वेग यांमुळें तो वृंद पुष्कळ गाजला. अशी कीर्ति हातीं असतां मॅक्लॉफ्लिननें विजेची गिटार बाजूस ठेविली आणि भारतीय वादकांसह मांडी घालून बसणें पसंत केलें. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर टी. एच. विनायकराम आणि तबल्यावर झाकीर हुसेन हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकीं झाकीर हुसेन हे मुंबईंत माहीम येथें वाढले व तेथील सेंट मायकेल हायस्कूल या मिशनरी शाळेंत शिकले.

हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. गिटारचे पडदे पक्के बसविलेले असल्यामुळें आपल्या रागांतील मींड व गमक तींतून नीट निघत नाहींत. म्हणून मॅक्लॉफ्लिनसाठीं निराळी गिटार घडविण्यांत आली. तिच्या दोन पडद्यांमधील लांकूड कोरून खोलगट केलें होतें. त्यामुळें तार दाबून व ओढून स्वर वळवितां येई. मुख्य सहा तारांखेरीज तरफेच्या सात ताराही तिला तिरप्या जोडल्या होत्या. दुसरी अडचण तालाची. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम यांची बोलांची भाषा व मोजणी निराळी. ती दोन्ही वादकांस एकमेकांपासून समजून घ्यावी लागली.

घटम म्हणजे मातीचें मडकेंच. बोटें, नखें व तळहात यांनीं तें वाजवितात. विजेच्या गर्जनेंत नखाचा आघात कोणास ऐकूं येणार? सभागृहांत ध्वनिक्षेपक असला, तरी वाद्यांचा मूळ नाद झांकला जाऊं नये, याची काळजी प्रत्येकास घ्यावी लागे. येथें मोठ्यानें वाजविण्यापेक्षां दुसऱ्याचें ऐकून घेण्यास अधिक महत्त्व होतें.

या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील साउथॅम्प्टन कॉलेजांत प्रत्यक्ष मैफलींत मुद्रित झाली. 'ए हँडफुल ऑफ ब्यूटी' ही दुसरी १९७६ मध्यें व 'नॅचरल एलिमेंट्स' ही तिसरी १९७७ मध्यें निघाली. विजेच्या गिटारसाठीं गर्दी करणारा श्रोता मात्र येथें पूर्वीइतका जमला नाहीं, आणि १९७८ च्या सुमारास वृंद विसर्जित झाला.

तथापि हें बीज वायां गेलें नाहीं. १९९७ मध्यें 'रिमेंबर शक्ति' या नांवानें वृंद पुन्हां उभा राहिला. पुढें मुंबईचे गायक शंकर महादेवन त्यांत आले. 'धिस मोमेंट' या २०२३ च्या ध्वनिमुद्रिकेस फेब्रुवारी २०२४ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं १५ डिसेंबर रोजीं झाकीर हुसेन निवर्तले.

पालकांस विनंती एवढीच कीं, जुन्या तीन मुद्रिकांपैकीं एक मुलांसमवेत स्वस्थपणें ऐकावी, आणि प्रत्येक वादक केव्हां थांबतो, तिकडे त्यांचें लक्ष वेधावें. कोठें वाजवूं नये हें ज्यास कळलें, त्यासच चौघांत बसून वाजवितां येतें.