वेळापत्रक कुठे विसरता येतं?

मॉस्कोच्या मेट्रोत फलाटाच्या टोकाला, बोगद्याच्या तोंडाशी, कित्येक दशकं एक घड्याळ असे. पुढची गाडी कधी येणार हे ते सांगत नसे. आधीची गाडी जाऊन किती वेळ झाला, तेवढंच मोजत राही. गर्दीच्या वेळी आकडा दीड मिनिटाच्या आसपास पोचतो न पोचतो, तोच पुढची गाडी हजर! मेट्रोसारखी सेवा कशाला म्हणायचं, याचं याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. तिथे महत्त्व गाडीच्या वेळेला नाही, दोन गाड्यांमधल्या अंतराला.

हे अंतर किती असावं? साधारण १० मिनिटांच्या आसपास माणसाचं वागणंच बदलतं, असं वाहतुकीचे अभ्यासक मानतात. गाड्या याहून विरळ असतील तर लोक वेळ बघून घर सोडतात, दाट असतील तर मनाला येईल तेव्हा. लंडनच्या बससेवेने ही रेघ थेट कारभारात आणली आहे. ज्या मार्गावर तासाला ५ किंवा अधिक बस धावतात, तिथे बस वेळेवर आली का, हा निकषच नाही. प्रवाशाला अपेक्षेपेक्षा किती जास्त थांबावं लागलं, ते मोजतात.

त्यामागचं गणित मला फार विलक्षण वाटतं. दर ६ मिनिटांनी गाडी आली, तर सरासरी ३ मिनिटं थांबावं लागतं. आता गाड्या तासाला तेवढ्याच १० ठेवा, पण एक २ मिनिटांनी आणि पुढची १० मिनिटांनी, अशा सोडा. सरासरी थांबणं होतं ४ मिनिटं २० सेकंद. एकही गाडी कमी न होता! कारण लांबच्या खंडातच जास्त माणसं फलाटावर येऊन पोचतात. त्यांना घेणारी गाडी खच्चून भरते, चढउतारात आणखी रखडते, आणि मागची तिला येऊन चिकटते.

मुंबईची लोकल या रेघेच्या दोन्ही बाजूंना आहे. सकाळी दादरला एक स्लो गेली की मागोमाग दुसरी येतेच. पण गाड्या ठाणे, डोंबिवली, कल्याणला संपत जातात, कल्याणला कर्जत-कसारा असे फाटे फुटतात, आणि खर्डीच्या माणसाला आपली कसारा लोकल मिनिटानिशी पाठ असावी लागते. मार्ग तोच, पण दादरला मेट्रो आणि खर्डीला वेळापत्रक.

अंतर किती कमी करता येईल, हे बरेचदा शेवटच्या स्थानकावर ठरतं. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर २०१७पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. ब्रिक्स्टनला फलाट दोनच. आलेली प्रत्येक गाडी २०० सेकंदांच्या आत रिकामी होऊन, भरून उलट निघायला हवी. चालकाने चालत दुसऱ्या टोकाला जायचं म्हटलं तर तेवढ्यातच वेळ संपेल. म्हणून परतीचा चालक त्या टोकाशी आधीच उभा असतो, आणि उतरलेला चालक मागून येणाऱ्या गाडीसाठी चालू लागतो.