आपला आवाज, दुसऱ्याच्या कानाने

आत्मभान म्हणजे एकांतात बसून केलेले आत्मपरीक्षण, अशी समजूत कार्यालयांत सर्रास आढळते. ते त्याचे अर्धेच अंग आहे. आपल्या वागण्याचा हाताखालच्या माणसांवर काय परिणाम होतो हे कळणे, हे दुसरे. आणि ते एकट्याने कळत नाही.

ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज ऐकून आपण दचकतो. बोलताना तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून भरदार वाटतो; इतरांपर्यंत फक्त हवेतून येणारा पोहोचतो. साहेबांना स्वतःचे बोलणे ‘स्पष्ट’ वाटते आणि टेबलापलीकडे ते टोचते, तेव्हा असेच काहीसे घडलेले असते.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहरी खिडकी’त (स्वतःला व इतरांना काय ठाऊक आहे, याचा चार चौकटींचा तक्ता) इतरांना दिसणाऱ्या पण स्वतःला न कळणाऱ्या अशा भागाला ‘अंध क्षेत्र’ म्हटले आहे. नाव दोघांच्या नावांवरून पडले. जवाहिऱ्याशी त्याचा संबंध नाही! ही चौकट लहान होते ती मुख्यतः इतरांनी सांगितल्यावर. पण ‘माझं काही चुकतं का?’ असे विचारले, तर कनिष्ठ ‘नाही सर’ म्हणणारच. ‘कालच्या बैठकीत मी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.